घर कुणाच्या खात्यावर?

कानातल्या इअरबड्सच्या आणि घरातल्या बोलक्या स्पीकरच्या तक्रारींवर साहित्याच्या अभ्यासकाने काही लिहावे काय, असा प्रश्न कोणी उपस्थित केला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. 'एका कानात आवाज येत नाही', 'ब्लूटूथ लागत नाही', 'स्पीकर हाकेला ओ देत नाही' ही वाक्ये आपण दुकानदारासाठी किंवा घरातल्या एखाद्या हुशार पोरासाठी राखून ठेवलेली असतात. तथापि श्रवण हा विषय काही साहित्याच्या कक्षेबाहेरचा नव्हे. कीर्तन, ओवी, पोवाडा, नभोनाट्य हे सारे प्रकार कोणी, कुठे बसून, कोणाच्या संगतीने ऐकायचे या व्यवस्थेवर उभे राहिले. ती व्यवस्था आज घराच्या आत बदलत असेल, तर तिच्याकडे पाहण्याचे काम केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट करतो. या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारी यंत्र बिघडल्यामुळे उद्भवतच नाहीत. यंत्र बनवणाऱ्याने घराची जी कल्पना गृहीत धरलेली असते ती आणि आपले घर प्रत्यक्षात जसे असते ते, यांच्यातील विसंगतीमुळे त्या उद्भवतात. यंत्राच्या हिशेबी घराला एक मालक असतो, एक खाते असते आणि एक भाषा असते. आपल्या समाईक घरांत या तिन्ही गोष्टी अनेक असतात. म्हणून दुरुस्तीचा खरा प्रश्न 'कोणते बटण दाबावे' इथे संपत नाही. 'हे घर कुणाच्या खात्यावर आहे' इथपर्यंत तो जातो.

लोधिवलीसारखे घर

चर्चा अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण समोर ठेवू. लोधिवली हे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे गाव. जवळच चौक आणि इर्शाळगडाचा डोंगर, दुसरीकडे रसायनी-पाताळगंगेचा कारखानदारी पट्टा, आणि गावातच धीरूभाई अंबानी रुग्णालय. अशा गावात समाईक घराचे दोन प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. पहिला प्रकार तीन पिढ्यांच्या कुटुंबाचा : पुढे ओटी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पुढे कधीतरी वर चढवलेला स्लॅबचा मजला. दुसरा प्रकार पाळीने काम करणाऱ्या तिघाचौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीचा. तिथे एकाची रात्रपाळी संपते तेव्हा दुसऱ्याची सकाळ सुरू होते. पुढे जे वर्णन येते ते कोणा एका विशिष्ट घराचे नाही. या दोन्ही प्रकारच्या घरांत जे सहजगत्या घडू शकते त्याचे आहे.

पहिली तक्रार सर्वांत लाजिरवाणी. सून मागच्या खोलीत इअरबड्स घालून माहेरी बोलत असते. एक बड कानातून निसटतो किंवा त्याची बॅटरी संपते, आणि फोन निमूटपणे माजघरातल्या स्पीकरशी जोडला जातो. आईलेकीचे बोलणे सगळ्या घराला ऐकू येते. यात बिघलेले काहीच नसते. कधीकाळी गाणी लावण्यासाठी हा फोन त्या स्पीकरशी जोडलेला होता, आणि एकदा जुळलेले यंत्र पल्ल्यात आले की पुन्हा आपणहून जुळावे अशीच योजना आहे. उपायही सोपा आहे. फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या स्पीकरच्या नावासमोरच्या खुणेवर गेल्यास पुष्कळ फोनांत कॉल आणि गाणी यांचे वेगवेगळे पर्याय दिसतात. त्यातला कॉलचा पर्याय बंद करावा, किंवा ती जोडणी कायमचीच विसरायला लावावी. एकट्या राहणाऱ्या माणसाला ही आपोआप जोडणी सोयीची वाटते. सात माणसांच्या घरात तीच सोय चहाडी करते.

दुसरी तक्रार भाड्याच्या खोलीतली. चौघांनी एकाच दुकानातून एकाच बनावटीचे बड्स घेतलेले असतात आणि प्रत्येकाच्या फोनवर एकसारखी चार नावे दिसतात. रात्रपाळी करून झोपलेल्याच्या कानात दुसऱ्याचा क्रिकेट सामना सुरू होतो. इथे सर्व डब्या एकदम उघडून खटपट करण्यात अर्थ नाही. तिघांनी आपले ब्लूटूथ बंद करावे, एकाने आपली जुनी जोडणी पुसून टाकावी, बड्स डबीत ठेवून डबीवरचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे (काही बनावटींत हे बटण बडवरच असते), नव्याने जोडणी करावी आणि लगेच त्या यंत्राला वेगळे नाव द्यावे. मग दुसऱ्याची पाळी. बारसे झाल्याशिवाय मूल ओळखू येत नाही अशातला भाग नाही. पण सारखी दिसणारी चार मुले एका घरात असली की नावे ठेवावीच लागतात.

तिसरी तक्रार एका कानाची. डावा वाजतो, उजवा मुका. कोकणपट्टीचा दमट पावसाळा आणि कामावरचा घाम यांमुळे बडच्या आणि डबीच्या धातूच्या टोकांवर मळ चढतो, आणि बड डबीत बसलेला दिसला तरी भारित होत नाही. कधी जाळीवर कानातला मळ साचतो, आणि वाजत असूनही तो मुका भासतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी आणि कोरड्या कापसाने टोके पुसावीत. पाणी लावू नये. ओल गेली असेल तर उघड्यावर वाळू द्यावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा घरगुती तोडगा टाळावा, कारण तांदळाची पूड त्याच जाळीत जाऊन बसते.

चौथी तक्रार आवाज तुटण्याची. हिचे कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले आहे. ब्लूटूथ, वायफायचा जुना पट्टा आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सारे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात. भारतात हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. म्हणजे तो सार्वजनिक चावडीसारखा आहे, कोणीही यावे आणि बोलावे. या गर्दीतून वाट काढण्यासाठी मूळचे ब्लूटूथ ७९ उपपट्ट्यांतून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते. तरीही त्याला दोन अडथळे ओलांडणे जड जाते : जाड भिंत आणि पाणी. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच असल्यामुळे उजव्या खिशातल्या फोनचा आवाज डाव्या कानापर्यंत पोहोचताना अडखळतो. फोन छातीच्या खिशात ठेवला, किंवा राउटर शेजारी असताना वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेले, की फरक पडतो. उलट वायफायचा हा वरचा पट्टा जाड भिंतीतून कमी जातो. म्हणून ओटीवरच्या राउटरपासून दूर, स्वयंपाकघरात ठेवलेल्या स्पीकरला जुना २.४ चाच पट्टा अधिक मानवतो.

पाचवी तक्रार मात्र माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म उघड करणारी आहे. घरातल्या मुलाने हौसेने स्पीकर आणला, आपल्या फोनवरून आपल्या नावाचे खाते जोडून तो सुरू केला आणि तो पुण्याला नोकरीला गेला. मागे कोणीतरी वायफायचा पासवर्ड बदलला. त्या क्षणापासून स्पीकर हाकेला ओ देतो, पण 'जोडणी नाही' एवढेच सांगतो. राउटर बंद-चालू करून पाहणे योग्यच आहे : आधी राउटर, त्याचे दिवे स्थिरावल्यावर मग स्पीकर. वीज जाऊन आल्यावर उद्भवणारा गोंधळ बहुधा इतक्याने मिटतो. पासवर्डचा प्रश्न इतक्याने मिटत नाही. त्यासाठी ते खाते असलेला फोन लागतो, आणि तो पुण्यात असतो. घरात पाच माणसे, वस्तू समोर, वीज आहे, आंतरजाल आहे. आणि तरीही घर मुके, कारण घराचा कान एकाच्या नावावर चढवलेला आहे. नवे खाते जोडून स्पीकर पहिल्यापासून सुरू करणे हा मग एक मार्ग उरतो.

समाईक श्रवणाचा इतिहास

यंत्र एकाच्या नावावर आणि ऐकणारे अनेक, ही स्थिती नवी नाही. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे कित्येक दशके, ऐंशीच्या दशकापर्यंत, रेडिओसाठी परवाना घ्यावा लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. परवान्यावर एकाचे नाव असे, पण आवाजावर कोणाची मालकी नसे. ओटीवर लावलेला रेडिओ माजघरातल्या बाईलाही ऐकू जाई आणि शेजारच्यालाही. रेडिओ ऐकवत असे, पण कोण ऐकते आहे याची नोंद तो ठेवीत नसे, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

समाईक श्रवणाचा एक विचारपूर्वक केलेला प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्राममंडळे स्थापन केली. तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, त्यात नव्हता. गावातली मंडळी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. या प्रयोगात यंत्रापेक्षा भोवतालची बैठक महत्त्वाची होती. कोणी बसायचे, कोणी बोलायचे, नोंद कोणी ठेवायची हे ठरवल्याशिवाय केवळ रेडिओ गावात पोहोचवून भागणार नाही, हे योजकांना उमगले होते. आज घरात येणाऱ्या बोलक्या स्पीकरबरोबर अशी कोणतीही बैठक येत नाही. येते ती खाते उघडण्याची सूचना.

अर्थात समाईक श्रवणाचे गोडवे गाताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एकत्र घरातले ऐकणे बहुधा कर्त्या पुरुषाच्या मर्जीने चाले, आणि बोलणेही. बाईला मनातले बोलायला जागा होती ती पहाटेच्या जात्याजवळ. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, लेक आणि विठ्ठल यांविषयी जे भरल्या घरात बोलता येत नव्हते ते बायका जात्याच्या घरघरीत बोलल्या, हे त्या संग्रहावरून दिसते. त्या घरघरीने त्यांना एक आडोसा दिला. इंग्रजीतल्या खासगीपणाच्या कल्पनेला मराठीत नेमका शब्द नाही अशी तक्रार आपण करतो. मला 'आडोसा' हा शब्द तिच्याजवळ जाणारा वाटतो. आडोसा म्हणजे भिंत नव्हे. तो तात्पुरता असतो, घरातल्या घरात असतो आणि इतरांनी मानला तरच टिकतो.

जात्याला विजेची गिरणी आली आणि तो आडोसा गेला. इअरबड्सने आज सुनेला, तरुण मुलीला, खोलीतल्या चौथ्या भाडेकरूला पुन्हा एक आडोसा मिळवून दिला आहे. म्हणून 'कानात घालून बसतात, घरात बोलत नाहीत' या तक्रारीत मी सामील होऊ शकत नाही. ज्याला घरात स्वतःची खोली नाही त्याला कानापुरती खोली मिळाली, तर ती काढून घेण्याची घाई कोणी करू नये. आणि म्हणूनच तो आडोसा चुकीच्या जोडणीने अचानक दूर होतो, तेव्हा त्याला किरकोळ बिघाड म्हणता येत नाही.

ब्लूटूथ या नावाची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. १९९७ साली इंटेल कंपनीतील अभियंता जिम कार्डाक यांनी हे नाव सुचवले. एरिक्सनच्या स्वेन मॅटिसन यांच्याशी झालेल्या इतिहासविषयक गप्पांतून ते सुचले, आणि त्या गप्पांमागे फ्रान्स बेंग्टसन यांची व्हायकिंगांवरची स्वीडिश कादंबरी होती. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड 'निळादात' याने विखुरलेल्या टोळ्यांना एका राज्यात आणले. तशी ही पद्धती विखुरलेल्या यंत्रांना एकत्र आणील, हा आशय. एका कादंबरीने जगभरच्या फोनांना शब्द पुरवावा याचे आपल्याला कौतुक वाटणे साहजिक आहे. पण रूपक कोणते निवडले तेही पाहावे. जोडणारा राजा आहे. आणि राजाने जोडताना कोणाला विचारले होते, हा प्रश्न रूपकात कुठेच नाही.

खातेदार आणि इतर

आता नोंदीच्या मुद्द्याकडे येऊ. बोलक्या स्पीकरात हाकेचा शब्द साधारणतः यंत्रातच ओळखला जातो. त्यानंतरचे बोलणे आंतरजालावरून कंपनीच्या संगणकांकडे जाते, आणि नोंद ठेवण्याची सोय बंद केलेली नसल्यास कोणी काय विचारले ते खात्यात साठते. ही नोंद खातेदाराला आपल्या फोनवर वाचता येते. कंपनी आपले ऐकते का, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली आहे. समाईक घरात त्याहून जवळचा प्रश्न वेगळा आहे. दुपारी घरात कोणी नसताना सुनेने पाळी लांबल्याविषयी स्पीकरला विचारले, नातीने वसतिगृहाची फी विचारली, आजोबांनी आपल्या गोळ्यांचे दुष्परिणाम विचारले, तर ते संध्याकाळी खातेदाराला दिसू शकते. त्याने ते पाहावे अशी त्याची इच्छा असेलच असे नाही. पण पाहता येते, एवढ्यानेच घरातले बोलणे बदलते.

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. तो कंपन्यांवर कर्तव्ये घालतो. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तिला हा कायदा लागू होत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा अपवाद समजण्यासारखा आहे. प्रत्येक घरात सरकारी निरीक्षक पाठवावा असे कोणीच म्हणणार नाही. मात्र त्याचा अर्थ असा की कायदा उंबऱ्याशी थांबतो, आणि उंबऱ्याच्या आत सासऱ्याने सुनेची, थोरल्याने धाकट्याची किंवा खोलीच्या मूळ भाडेकरूने इतरांची नोंद पाहावी की नाही, हे घराने स्वतःच ठरवायचे असते.

हाक आणि भाषा

साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा मुद्दा मी शेवटी ठेवला आहे. मराठी शालेय व्याकरणात संबोधन ही आठवी विभक्ती शिकवतात, आणि विद्यार्थी ती कंटाळून पाठ करतात. पण घरात या विभक्तीइतके काम दुसरी कोणतीच करीत नाही. अहो, अगं, अरे, ए आई, वहिनी, भावोजी, आत्या, काकू : हाक मारताच बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाते, वय आणि मान ठरून जातो. बोलक्या स्पीकरला नात्याशिवाय हाक मारावी लागते, ठरलेल्या परक्या नावानेच. त्यापुढे आज्ञा येते, आणि तिच्यात 'लाव', 'लावा', 'लावाल का' हा भेद निरर्थक ठरतो. शिवाय उत्तर देणारा आवाज बराच काळ मुळातच बाईचा ठेवलेला असे. युनेस्कोने २०१९ च्या एका अहवालात या प्रथेवर नेमके बोट ठेवले : आज्ञा झेलणारी, न रागावणारी यंत्रे बाईच्या आवाजात बोलू लागली की बाईविषयीच्या जुन्या अपेक्षा घट्ट होतात. ज्या घरात आधीच 'अगं, पाणी आण' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येते, त्या घरातल्या पोराने आणखी एका बाईच्या आवाजाला हुकूम सोडावेत, ही गोष्ट मला निरुपद्रवी वाटत नाही.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. अलेक्सा भारतात २०१७ साली इंग्रजीतून आली आणि २०१९ साली हिंदी बोलू लागली. गूगलच्या सहायकाने २०१८ साली फोनवर मराठी स्वीकारली. पण टेबलावरच्या स्पीकरच्या भाषांच्या यादीत मराठी सहसा सापडत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. परिणामी लोधिवलीसारख्या गावातला नातू स्पीकरशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतो, आई मोडक्या हिंदीत, आणि आजी गप्प बसते. त्यातही खालापूर-कर्जत पट्ट्यातली मराठी एकच नाही. आगरी बोली आहे, ठाकरांची आहे, कातकऱ्यांची आहे. प्रमाण मराठी ओळखणारे यंत्र आले तरी आगरी आजीचा शब्द ते ओळखेलच असे नाही. 'स्पीकर नीट ऐकत नाही, जरा स्पष्ट बोला' असा सल्ला तिला दिला जातो. दुरुस्ती यंत्राची व्हायला हवी. सांगितली जाते ती आजीच्या उच्चाराची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच आहे. परंतु भाषेचा मान ती कोणाला घरात बोलता येते यावरही ठरतो, आणि या कसोटीवर आपण आजीला आपल्याच घरात परभाषिक करून ठेवीत आहोत.

यावर असा आक्षेप येईल की तंत्रज्ञान सुधारते आहे, थोडा धीर धरावा. निरनिराळ्या व्यक्तींचे आवाज ओळखून वेगवेगळी उत्तरे देण्याची सोय आली आहे, हे खरेच. मात्र त्यासाठीही काही बनावटींत प्रत्येकाला स्वतःचे खाते लागते. ज्या आजीकडे ते नाही ती पुन्हा 'पाहुणी'च राहते. दुसरा आक्षेप असा की ही सुखवस्तू घरांची रडगाणी आहेत. काही वर्षांपूर्वी ते पटले असते. आज स्वस्त इअरबड्स पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या खिशात असतात, आणि भाड्याच्या खोलीत चौघांना झोप लागावी म्हणून ते लागतातही. ती चैन उरलेली नाही.

काय करता येईल

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. पहिला घराचा. दाराच्या मागे वीजबिल अडकवतो तिथेच एक कागद लावावा आणि त्यावर घराने मिळून ठरवलेल्या गोष्टी मराठीत लिहाव्यात. नमुन्यादाखल :

१. प्रत्येक यंत्राला माणसाचे किंवा जागेचे नाव द्यावे. कारखान्याने दिलेले नाव ठेवू नये.
२. समाईक स्पीकरशी कोणाचाही फोन कॉलसाठी जोडलेला ठेवू नये.
३. स्पीकरचे खाते एकाच्या खासगी नावाने न उघडता घरासाठी वेगळे उघडावे. त्याचा आणि वायफायचा पासवर्ड घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावा, त्यांत एक बाई असावी.
४. नोंदी ठरावीक मुदतीने आपोआप पुसल्या जातील असे करावे. मधल्या काळात त्या कोणी वाचू नयेत.
५. रात्री आणि पाहुणे असताना स्पीकरच्या माइकचे बटण बंद करावे. ते कसे करावे हे आजीलाही दाखवावे.
६. आवाज न आल्यास आधी भारण, मग स्वच्छता, मग जोडणी, मग राउटर या क्रमाने पाहावे. सगळे एकदम बंद-चालू करू नये.

या सूचनांत 'करावे, ठेवू नये' असा विध्यर्थ मुद्दाम वापरला आहे. पेटीतल्या इंग्रजी पत्रकात वाचणारा एकटाच असतो आणि वाक्य थेट त्याला उद्देशून येते. त्याचे यांत्रिक भाषांतर केले की 'आपले डिव्हाइस जोडा' असे काहीतरी हाती येते, आणि 'आपले' म्हणजे नक्की कुणाचे हे कळत नाही. जुन्या पाककृतींतून आणि घरगुती औषधांच्या वह्यांतून आलेला 'घ्यावे, उगाळावे, द्यावे' हा मराठी विध्यर्थ कोणा एकाला हुकूम करीत नाही. काम साऱ्या घराचे ठेवतो. समाईक घरासाठी याहून योग्य क्रियारूप मला सुचत नाही.

दुसरा उपाय शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा. मराठीच्या वर्गात एखादे दुरुस्तीचे पत्रक आणून त्याचे वाचन करावे : कर्ता कोण, संबोधन कोणाला, कोणत्या माणसाची त्यात कल्पनाच केलेली नाही. ते पत्रक आगरीत किंवा ठाकरीत, बोलणाऱ्यांना विचारून, पुन्हा लिहावे. 'भाषिणी' या केंद्र सरकारच्या उपक्रमात भाषादानाची सोय आहे आणि मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये मराठीचाही समावेश आहे. दोन्हीकडे स्वेच्छेने आवाज देता येतो. आजीची परवानगी घेऊन, तिला नेमके काय होणार ते तिच्या बोलीत समजावून, तिचा आवाज तिथे पोहोचवता आला तर बोलीभाषांवरच्या एका प्रबंधाइतके मोल त्याला असेल. तिने नको म्हटले तर विषय तिथेच थांबवावा. घरातल्या यंत्रापुढे बोलायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, हाच तर या लेखाचा आग्रह आहे.

यंत्रे बदलतील, आज ज्याला बड म्हणतो त्याला उद्या काय म्हणू, सांगता येत नाही. पण समाईक घरात कोणाचे ऐकले जाते आणि कोणाला न ऐकवता बोलता येते, हे प्रश्न आपल्या कथाकादंबऱ्यांचे कायमचे प्रश्न आहेत. ते आता जोडणीच्या यादीत आणि खात्याच्या नोंदीत येऊन बसले आहेत. तिथेही ते ओळखता यावेत, एवढी अपेक्षा साहित्य शिकणाऱ्यांकडून आणि शिकवणाऱ्यांकडून ठेवणे गैर होणार नाही.